व्यावसायिक फुटबॉलमधील मध्यरक्षकाची कारकीर्द : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आघाडीपटूची कारकीर्द गोलांच्या संख्येने सांगता येते. मध्यरक्षकाच्या बाबतीत असा एकच आकडा हाती लागत नाही, त्यामुळे त्याच्या वाटचालीबद्दल शंकाही अधिक असतात आणि गैरसमजही. मधल्या फळीत खेळू पाहणारे खेळाडू, त्यांचे पालक आणि खेळाचे जाणते प्रेक्षक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

मध्यरक्षक नेमके कोणते काम करतो?

बचावफळीकडून चेंडू घेऊन तो आघाडीपर्यंत पोहोचवणे आणि चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे असताना मैदानाचा मधला भाग बंद करणे, ही त्याची दोन मूळ कामे होत. व्यावसायिक संघांत ही कामे साधारणपणे तीन भूमिकांत वाटली जातात आणि त्या भूमिका जर्सीच्या जुन्या क्रमांकांवरून ओळखल्या जातात. बचावफळीच्या पुढ्यात उभा राहणारा तो ‘सहा’ क्रमांकाचा, दोन्ही गोलांपुढच्या पेटींच्या दरम्यान सतत ये-जा करणारा तो ‘आठ’ क्रमांकाचा आणि आघाडीपटूच्या मागे राहून गोलची संधी निर्माण करणारा तो ‘दहा’ क्रमांकाचा. प्रत्यक्ष पाठीवर कोणता आकडा आहे याचा याच्याशी संबंध नसतो. या सीमारेषाही पक्क्या नाहीत, कारण एकाच सामन्यात एकाच खेळाडूला तिन्ही कामे करावी लागू शकतात.

अकादमीत लहानपणीच प्रवेश मिळाला नाही, तर व्यावसायिक होण्याची संधी संपते का?

नाही, मात्र वाट अवघड होते, हे मान्य करायला हवे. झावी बार्सिलोनाच्या ला मासिया अकादमीत ११व्या वर्षी आला आणि आंद्रेस इनिएस्टा १२व्या. सर्वोच्च पातळीवरच्या बहुतेक मध्यरक्षकांचा मार्ग असाच, लवकर सुरू झालेला असतो. याचे कारण तांत्रिक आहे. दाटीच्या जागेत चेंडू पहिल्याच स्पर्शात योग्य दिशेला वळवण्याची सवय बालवयात जितकी सहज अंगवळणी पडते, तितकी ती पुढे पडत नाही.

तरीही एनगोलो कांटेचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवण्यासारखे आहे. पॅरिसच्या उपनगरातील एका छोट्या क्लबमध्ये तो वाढला आणि लहान चणीमुळे मोठ्या अकादम्यांचे दरवाजे त्याच्यासाठी उघडले नाहीत. विशीत तो फ्रान्सच्या खालच्या श्रेणीत बुलोन्य क्लबकडून खेळत होता. २०१३ मध्ये तो काँ क्लबमध्ये दाखल झाला, २०१५ मध्ये लेस्टर सिटीत गेला आणि २०१६ व २०१७ अशा लागोपाठ दोन वर्षी, दोन वेगवेगळ्या क्लबांकडून त्याने इंग्लंडची सर्वोच्च लीग असलेली प्रीमियर लीग जिंकली. २०१८ मध्ये विश्वचषक आणि २०२१ मध्ये चेल्सीबरोबर युरोपीय क्लबांची चॅम्पियन्स लीगही त्याच्या नावावर जमा झाली. अशी उदाहरणे कमी आहेत, पण ती निव्वळ योगायोगाने घडत नाहीत. चेंडू कोठे येणार हे आधी ओळखण्याची कांटेची क्षमता खालच्या श्रेणीतही तेवढीच स्पष्ट होती. ती पाहणारी नजर त्याला उशिरा भेटली.

अकादमीने नाकारले तर काय करावे?

नाकारण्याचे कारण स्पष्ट शब्दांत विचारून घ्यावे. शरीर अजून भरलेले नाही म्हणून दिलेला नकार आणि खेळाची समज कमी आहे म्हणून दिलेला नकार, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या नकारावर काळ हेच उत्तर ठरू शकते. रॉड्रीला अॅटलेटिको माद्रिदच्या युवा संघातून अंगात पुरेशी ताकद नाही म्हणून जावे लागले. तो २०१३ मध्ये विल्यारेआलकडे गेला, तेथे घडला, २०१८ मध्ये अॅटलेटिकोनेच त्याला परत घेतले आणि २०१९ मध्ये तो मँचेस्टर सिटीत पोहोचला. विल्यारेआलमधील वर्षांत तो विद्यापीठात शिकतही होता. अकादमीतील बहुसंख्य मुले व्यावसायिक खेळाडू होत नाहीत, ही वस्तुस्थिती लक्षात घेता शिक्षण चालू ठेवणे हा दुय्यम पर्याय मानू नये.

शरीरयष्टी किती महत्त्वाची आहे?

सहनशक्ती अत्यावश्यक आहे, उंची नाही. झावी, इनिएस्टा, कांटे आणि लुका मॉड्रिच यांच्यापैकी कोणीही उंच नाही. उंची आणि ताकदीचा उपयोग ‘सहा’ क्रमांकाच्या भूमिकेत, विशेषतः हवेतील चेंडूंसाठी होतो, एवढे खरे.

मध्यरक्षकाचे सर्वांत मोलाचे कौशल्य कोणते?

चेंडू येण्यापूर्वी आजूबाजूला पाहून घेणे. या उत्तरावर थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण संपूर्ण कारकिर्दीची लांबी याच एका सवयीवर अवलंबून असते असे आमचे ठाम मत आहे.

बचावपटूच्या समोर सारा खेळ पसरलेला असतो आणि बाजूच्या खेळाडूच्या एका अंगाला सीमारेषेचा आधार असतो. मध्यरक्षकाच्या मात्र चहूबाजूंना माणसे असतात आणि त्यातला निम्मा भाग त्याच्या पाठीमागे असतो. चेंडू पायाशी आल्यावर जो मान वर करतो, त्याच्याजवळ तोवर प्रतिस्पर्धी पोहोचलेला असतो. म्हणून चेंडू सहकाऱ्याच्या पायातून सुटून आपल्याकडे येत असताना, त्या एक-दोन सेकंदांत, दोन्ही खांद्यांवरून मागे नजर टाकून घ्यायची, शरीर अर्धे वळते ठेवून चेंडू लांबच्या पायावर घ्यायचा आणि पुढचा पास कोठे जाणार हे तोपर्यंत ठरलेले असायचे. नॉर्वेचे क्रीडा मानसशास्त्रज्ञ गेयर योर्डेट यांनी प्रीमियर लीगमधील मध्यरक्षकांच्या या हालचालींचा चित्रफितींच्या आधारे अभ्यास केला. त्यात अधिक वेळा आजूबाजूला पाहणाऱ्या खेळाडूंचे पुढच्या दिशेने दिलेले पास अधिक प्रमाणात यशस्वी होताना दिसले.

ही सवय सरावाने लागते. मात्र तो सराव माणसे आणि दडपण असलेल्या जागेत व्हायला हवा. रिकाम्या मैदानावर शंकूंमधून चेंडू नेण्याचा व्यायाम पायांना शिकवतो, नजरेला नाही. लहान जागेतील चार विरुद्ध चार किंवा रोंडोसारखे (वर्तुळात उभे राहून मधल्या खेळाडूंपासून चेंडू राखण्याचे) खेळ अकादम्यांत रोज का खेळवले जातात, याचे कारण हेच आहे. वयाच्या तिशीनंतर वेग कमी होतो, उडी कमी होते, पण ही सवय कमी होत नाही, उलट अनुभवाने धारदार होत जाते. म्हणूनच वेगावर विसंबून असलेला बाजूचा आघाडीपटू उतरणीला लागतो, त्या वयात अनेक मध्यरक्षक आपल्या सर्वोत्तम काळात असतात.

पहिला व्यावसायिक करार करताना कोणते नियम ठाऊक असावेत?

फिफाच्या नियमांनुसार व्यावसायिक खेळाडूचा करार जास्तीत जास्त पाच वर्षांचा असू शकतो. राष्ट्रीय कायदा वेगळी मुदत मान्य करत असेल, तर ती लागू होते. खेळाडू १८ वर्षांखालील असल्यास तीन वर्षांहून अधिक मुदत ग्राह्य धरली जात नाही. दुसरा महत्त्वाचा नियम असा की, करार एकदा झाल्यावर तो वैद्यकीय तपासणीच्या निकालावर किंवा कामाचा परवाना मिळण्यावर अवलंबून ठेवता येत नाही. या तपासण्या क्लबने सहीपूर्वीच करून घ्यायच्या असतात. हा नियम खेळाडूच्या संरक्षणासाठी आहे आणि पुष्कळ कुटुंबांना तो ठाऊक नसतो.

वयाची १८ वर्षे पूर्ण होण्यापूर्वी दुसऱ्या देशातील क्लबमध्ये जाण्यास सर्वसाधारण मनाई आहे. आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणासाठी त्या देशात स्थायिक झाले असतील, किंवा युरोपीय संघाच्या अंतर्गत १६ ते १८ वयोगटातील खेळाडूच्या शिक्षणाची व निवासाची हमी नव्या क्लबने दिली असेल, अशा मोजक्या अपवादांतच परवानगी मिळते. त्यामुळे परदेशी क्लबमध्ये कोवळ्या वयात जागा मिळवून देतो असे सांगून पैसे मागणाऱ्या व्यक्तीपासून दूर राहावे.

एजंट आवश्यक आहे का?

सक्ती नाही. एजंट नेमायचाच असेल, तर तो फिफाचा परवानाधारक असल्याची खात्री करून घ्यावी. हा परवाना २०२३ पासून पुन्हा परीक्षा देऊनच मिळतो. कराराचा मसुदा मात्र एजंटव्यतिरिक्त एखाद्या स्वतंत्र वकिलाला दाखवावा, कारण सही पूर्ण होण्यात एजंटचे स्वतःचे हित गुंतलेले असते.

लोनवर, म्हणजे ठरावीक काळापुरते, दुसऱ्या क्लबमध्ये पाठवणे म्हणजे क्लबचा विश्वास उडाला असे समजावे का?

तरुण मध्यरक्षकाच्या बाबतीत बहुधा उलट समजावे. या जागेवर चूक महाग पडते. मधल्या फळीत गमावलेला चेंडू थेट आपल्या गोलकडे जातो. त्यामुळे मोठे क्लब अननुभवी खेळाडूला तेथे उतरवायला कचरतात, आणि अनुभव तर खेळूनच मिळतो. ही कोंडी लोनमुळे सुटते.

डायनामो झाग्रेबने १८ वर्षांच्या मॉड्रिचला २००३ मध्ये बोस्नियातील झ्रिन्यस्की मोस्तार क्लबकडे लोनवर पाठवले. तेथील लीग अंगावर येणारी, खडबडीत मैदानांवरची होती. त्या हंगामात तो त्या लीगमधील सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि पुढचा हंगाम त्याने इंटर झाप्रेशिचकडे लोनवर काढला. अंगापिंडाने किरकोळ खेळाडू दांडगाईच्या खेळात टिकेल का, या प्रश्नाचे उत्तर त्याच्या पुढच्या सर्व क्लबांना तेथेच मिळाले होते. लोनवर जाताना क्लबचे नाव किती मोठे आहे, यापेक्षा तेथील प्रशिक्षक आपल्याला कोणत्या जागेवर आणि किती मिनिटे खेळवणार आहेत, हे विचारणे अधिक शहाणपणाचे ठरते. वर्षभर बाकावर बसून संपलेला लोन विकासाचे एक वर्ष खाऊन टाकतो.

प्रशिक्षकांनी जागा बदलण्यास सांगितले, तर ते स्वीकारावे का?

मध्यरक्षकाच्या कारकिर्दीत हा प्रसंग जवळजवळ अटळ असतो, आणि आमच्या मते तिचे खरे वळण येथेच असते.

आंद्रेआ पिर्लो तरुणपणी आघाडीच्या मागे ‘दहा’ क्रमांकाच्या भूमिकेत खेळत असे. इंटर मिलानमध्ये त्याला स्थिर जागा मिळाली नाही. २००१ मध्ये तो लोनवर ब्रेशियात गेला, तेव्हा त्या जागेवर तेथे रॉबर्टो बाजिओ होता. प्रशिक्षक कार्लो मात्सोने यांनी पिर्लोला बचावफळीच्या पुढ्यात, खूप मागे उभे केले. त्याच वर्षी तो एसी मिलानमध्ये गेला आणि कार्लो आन्चेलोत्ती यांनी ही जागा त्याच्यासाठी कायम केली. पुढे असताना ज्याला चेंडू घेऊन वळायला जागा मिळत नव्हती, त्याच्यासमोर आता सारे मैदान मोकळे झाले. वेगाची उणीव झाकली गेली आणि लांब पासची ताकद खुली झाली. २००३ आणि २००७ ची चॅम्पियन्स लीग, २००६ चा विश्वचषक आणि नंतर युव्हेंटसबरोबर सलग चार इटालियन विजेतेपदे, हे सर्व या बदलानंतरचे आहे.

लोथार माथेउसचा बदल वेगळ्या कारणाने झाला. मैदानभर धावणारा आक्रमक मध्यरक्षक म्हणून त्याने कर्णधारपद भूषवत १९९० चा विश्वचषक जिंकला. वय वाढल्यावर तो बचावफळीच्या मागे, लिबेरोच्या भूमिकेत गेला. १९८२ ते १९९८ अशा पाच विश्वचषक स्पर्धांत तो खेळला आणि १५० आंतरराष्ट्रीय सामन्यांचा पल्ला त्याने गाठला. त्याच्या शरीराला जे आता जमणार नव्हते, ते त्याने सोडून दिले आणि खेळाचे जे ज्ञान होते, ते मागच्या जागेवरून वापरले.

जागा बदलण्याच्या प्रत्येक सूचनेला होकार द्यावा असा याचा अर्थ नाही. संघात कोणी जायबंदी झाला म्हणून तरुण मध्यरक्षकाला महिनोन् महिने बाजूच्या बचावपटूच्या जागेवर खेळवले जाते आणि त्याच्या मूळ गुणांचा विकास थांबतो, असेही घडते. बदल तात्पुरती गरज म्हणून आहे की खेळाडूच्या गुणांचा विचार करून सुचवला आहे, हे प्रशिक्षकांशी बोलून समजून घेणे हा खेळाडूचा हक्क आहे. सूचना दुसऱ्या प्रकारची असेल, तर पुरेसा वेळ दिल्याशिवाय ती नाकारू नये.

फारसे गोल न करणाऱ्या मध्यरक्षकाचे मूल्य कसे ठरते?

बऱ्याचदा उशिरा, आणि काही वेळा तो निघून गेल्यावर. क्लॉद माकेलेले २००३ मध्ये रेआल माद्रिद सोडून चेल्सीत गेला. त्याच उन्हाळ्यात माद्रिदने डेव्हिड बेकहॅमला आणले होते. आघाडीत एकाहून एक नामांकित खेळाडू असूनही माद्रिदला पुढच्या तीन हंगामांत स्पॅनिश लीग जिंकता आली नाही, तर चेल्सीने २००५ आणि २००६ मध्ये प्रीमियर लीग जिंकली. त्याचे सारे कारण एका माणसात शोधणे अतिशयोक्तीचे होईल, परंतु बचावफळीपुढच्या त्या जागेला पुढे इंग्लंडमध्ये त्याच्याच नावाने ओळखले जाऊ लागले, हे बोलके आहे.

त्यानंतरच्या दोन दशकांत दृष्टी बदलली आहे. परतवलेले चेंडू, दडपणाखाली दिलेले पास, प्रतिस्पर्ध्याची फळी भेदणारे पास यांची नोंद आता पद्धतशीरपणे ठेवली जाते. २०२४ चा बॅलन डी’ओर, म्हणजे वर्षातील सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, रॉड्रीला मिळाला, ही बचावात्मक मध्यरक्षकाच्या वाट्याला क्वचितच येणारी मान्यता होती. दुसऱ्या टोकाला फ्रँक लॅम्पार्डसारखा खेळाडू आहे. मध्यरक्षक असूनही त्याने चेल्सीसाठी २११ गोल केले आणि तो क्लबचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. पेटीत उशिरा आणि नेमक्या क्षणी शिरण्याची त्याची हातोटी हे वेगळेच कौशल्य आहे, आणि ज्याच्याकडे ती आहे त्याला खुल्या बाजारात नेहमीच अधिक किंमत मिळते.

उत्पन्नात कोणत्या बाबी असतात?

मूळ वेतन, करारावर सही करतानाची रक्कम, सामन्यागणिक भत्ता, विजयाचा किंवा विजेतेपदाचा बोनस आणि मोठ्या खेळाडूंच्या बाबतीत प्रतिमेच्या वापराचे हक्क. देश आणि श्रेणीनुसार यात इतका फरक पडतो की, सरासरी सांगून उपयोग नाही. मागे राहून खेळणाऱ्या मध्यरक्षकाने गोलांवर आधारित बोनसपेक्षा खेळलेल्या सामन्यांवर आधारित बोनस मागावा, ही सूचना मात्र आवर्जून करावीशी वाटते.

करार संपल्यावर खेळाडू मोकळा असतो का?

होय, आणि हा हक्क एका मध्यरक्षकाच्या लढ्यातून मिळाला आहे. बेल्जियमचा झाँ-मार्क बोसमन १९९० मध्ये लिएज क्लबशी असलेला करार संपल्यावर फ्रान्समधील डंकर्क क्लबमध्ये जाऊ इच्छित होता. करार संपलेला असूनही जुना क्लब हस्तांतरणाची रक्कम (खेळाडू सोडण्याबद्दल नव्या क्लबने द्यायची रक्कम) मागत होता आणि त्यामुळे त्याचे जाणे घडू शकले नाही. खटला युरोपीय न्यायालयापर्यंत गेला. १५ डिसेंबर १९९५ च्या निकालाने करार संपलेल्या खेळाडूसाठी अशी रक्कम मागणे युरोपीय संघात बेकायदा ठरले आणि संघातील देशांच्या नागरिकांवरील परदेशी खेळाडूंची मर्यादाही उठली. बोसमनची स्वतःची कारकीर्द मात्र या लढ्यात संपून गेली. आज लाभ घेणाऱ्यांनी त्याचे ऋण विसरू नये असे मनापासून वाटते.

करारभंगाबाबतचा २०२४ चा महत्त्वाचा खटलाही फ्रान्सचा माजी मध्यरक्षक लासाना दियारा याचाच होता. लोकोमोटिव्ह मॉस्कोबरोबरचा त्याचा करार २०१४ मध्ये तुटला आणि त्याला नवा क्लब मिळण्यात फिफाच्या नियमांचा अडथळा आला. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी युरोपीय न्यायालयाने त्यातील काही नियम युरोपीय कायद्याशी विसंगत असल्याचा निर्णय दिला.

व्यवहारात लक्षात ठेवायची बाब अशी की, करार संपण्यास सहा महिने किंवा त्याहून कमी अवधी उरला असेल, तर खेळाडू दुसऱ्या क्लबशी पुढील करार करू शकतो. पिर्लो २०११ मध्ये मिलानमधून युव्हेंटसमध्ये कोणत्याही हस्तांतरण रकमेविना गेला. असा खेळाडू मिळाल्यास क्लबची मोठी रक्कम वाचते आणि तिचा काही भाग वेतनाच्या रूपाने स्वतःकडे वळवण्याची ताकद वाटाघाटीत खेळाडूकडे येते. त्याचवेळी शेवटच्या वर्षात गंभीर दुखापत झाली, तर हाती काहीच उरत नाही, हा धोकाही तितकाच खरा आहे.

लहान क्लबने घडवलेल्या खेळाडूच्या विक्रीतून त्या क्लबला काही मिळते का?

मिळते. करार चालू असताना खेळाडूचे आंतरराष्ट्रीय हस्तांतरण झाले, तर त्या रकमेतील ५ टक्के वाटा त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये विभागला जातो. त्यासाठी खेळाडूची नोंदणी प्रत्येक हंगामात व्यवस्थित झालेली असणे आवश्यक असते.

एका सामन्यात मध्यरक्षक किती धावतो आणि शरीर ते किती काळ सोसते?

साधारणपणे १० ते १२ किलोमीटर, आणि बहुतेक संघांत सर्वाधिक अंतर मध्यरक्षकच कापतात. अंतरापेक्षा त्याचा प्रकार अधिक थकवणारा असतो. सरळ धाव कमी आणि थांबणे, वळणे, पुन्हा वेग घेणे अधिक. याचा भार मांडीच्या स्नायूंवर, जांघेवर आणि घोट्यांवर पडतो.

खरा प्रश्न सामन्यांच्या संख्येचा आहे. पेड्री २०२०-२१ च्या हंगामात बार्सिलोनाकडून खेळला, लगेच युरो स्पर्धेत उतरला आणि पाठोपाठ टोकियो ऑलिम्पिकमध्येही. १८ वर्षांच्या मुलाच्या वाट्याला ७० हून अधिक सामने आले, आणि पुढच्या हंगामांत मांडीच्या स्नायूंच्या दुखापतींनी त्याला वारंवार मैदानाबाहेर बसवले. क्लब आणि राष्ट्रीय संघ दोघेही आपापल्या जागी रास्त मागणी करतात, परंतु दोन्ही मागण्यांची बेरीज एकाच शरीरावर पडते. त्या बेरजेचा हिशेब ठेवण्याची जबाबदारी तरुण खेळाडूवर सोडणे अन्यायाचे आहे.

कोणत्या दुखापतींमुळे कारकीर्द धोक्यात येते?

गुडघ्यातील पुढचा क्रूसाकार लिगामेंट तुटणे ही सर्वांत धास्तावणारी दुखापत आहे. शस्त्रक्रियेनंतर मैदानावर परतण्यास सहा ते नऊ महिने, आणि अनेकदा त्याहून अधिक काळ लागतो. बार्सिलोनाची मध्यरक्षक अलेक्सिया पुटेयास हिला ही दुखापत जुलै २०२२ मध्ये, युरो स्पर्धेच्या तोंडावर झाली. रॉड्रीला ती सप्टेंबर २०२४ मध्ये आर्सेनलविरुद्ध झाली, म्हणजे बॅलन डी’ओर स्वीकारताना तो जायबंदीच होता. महिला खेळाडूंमध्ये या दुखापतीचे प्रमाण पुरुषांपेक्षा अधिक आढळते. स्नायूंचे संतुलन आणि उडीनंतर जमिनीवर योग्य रीतीने उतरणे यांचे व्यायाम धोका कमी करतात, त्यामुळे युवा संघांत ते रोजच्या सरावाचाच भाग असावेत.

परत येण्याची घाई करू नये. लिगामेंट पहिल्यांदा तुटल्यानंतर त्याच किंवा दुसऱ्या गुडघ्याला पुन्हा इजा होण्याचा धोका असतो आणि लवकर परतणाऱ्यांत तो वाढतो.

हृदयाच्या तपासणीचा उल्लेखही येथे हवाच. १२ जून २०२१ रोजी फिनलंडविरुद्धच्या सामन्यात डेन्मार्कचा मध्यरक्षक ख्रिस्तियन एरिक्सन हृदयक्रिया बंद पडून कोसळला. मैदानावरच हृदयपुनरुज्जीवनाचे उपचार झाले आणि तो वाचला. नंतर शरीरात बसवलेल्या डिफिब्रिलेटरसह (हृदयाला विजेचा झटका देऊन त्याची लय सावरणाऱ्या यंत्रासह) खेळण्यास इटलीत परवानगी नसल्यामुळे त्याचा इंटरशी असलेला करार संपुष्टात आला. २०२२ च्या जानेवारीत तो ब्रेंटफर्डकडून पुन्हा उभा राहिला आणि त्याच वर्षी मँचेस्टर युनायटेडमध्ये गेला. कोणत्याही पातळीवरच्या मैदानाजवळ डिफिब्रिलेटर आणि तो वापरू शकणारी व्यक्ती असायलाच हवी.

महिला मध्यरक्षकांची कारकीर्द कोणत्या बाबतीत वेगळी असते?

खेळाच्या बाबतीत फारशी नाही. ब्राझीलची फॉर्मिगा १९९५ ते २०१९ अशा सात विश्वचषक स्पर्धांत आणि सात ऑलिम्पिकमध्ये खेळली. जपानची होमारे सावा २०११ च्या विश्वचषकात सर्वाधिक गोल करणारी आणि सर्वोत्तम खेळाडू ठरली. २०२१ ते २०२५ पर्यंतचे पाचही महिला बॅलन डी’ओर बार्सिलोनाच्या दोन मध्यरक्षकांकडे गेले. पहिले दोन पुटेयासकडे आणि पुढचे तीन ऐताना बोनमाटीकडे.

फरक आहे तो कराराच्या सुरक्षिततेत. १ जानेवारी २०२१ पासून फिफाच्या नियमांनी किमान १४ आठवड्यांची प्रसूती रजा आणि त्या काळात किमान दोन तृतीयांश वेतन बंधनकारक केले. २०२४ मध्ये दत्तक मूल घेणाऱ्या खेळाडूंचाही विचार झाला. हे नियम कागदावर राहिले नाहीत, याचे श्रेय आइसलंडची मध्यरक्षक सारा ब्यॉर्क गुन्नार्सदोत्तिर हिला जाते. गरोदरपणाच्या काळातील वेतन पूर्ण न मिळाल्याबद्दल तिने ल्योन क्लबविरुद्ध दाद मागितली आणि २०२२ मध्ये फिफाच्या न्यायाधिकरणाने ८२,००० युरोहून अधिक रक्कम तिला देण्याचा आदेश दिला. करार करणाऱ्या प्रत्येक महिला खेळाडूने ही तरतूद आपल्या करारात स्पष्ट लिहिलेली आहे का, हे तपासून घ्यावे.

निवृत्ती कधी घ्यावी?

याचे एकच योग्य उत्तर नाही. रेआल माद्रिदच्या टोनी क्रूसने ३४व्या वर्षी, २०२४ ची चॅम्पियन्स लीग जिंकल्यानंतर आणि जर्मनीतील युरो स्पर्धा आटोपताच खेळ थांबवला. उतरण दिसण्यापूर्वी थांबण्याचा निर्णय त्याने आधीच जाहीर केला होता. त्याचा माद्रिदमधील सहकारी मॉड्रिच २०२५ मध्ये, चाळिशीला टेकलेला असताना, एसी मिलानमध्ये नव्याने रुजू झाला. मँचेस्टर युनायटेडच्या पॉल स्कोल्सने २०११ मध्ये निवृत्ती घेतली, जानेवारी २०१२ मध्ये तो परतला आणि २०१३ मध्ये पुन्हा विजेतेपदासह थांबला. तिघांचेही निर्णय त्यांच्या त्यांच्या शरीराला आणि स्वभावाला साजेसे होते. मिनिटे कमी होत गेली तरी खेळण्यातला आनंद टिकून आहे का, हा प्रश्न खेळाडूने स्वतःला विचारावा. त्याचे उत्तर बाहेरून कोणालाही देता येत नाही.

इतके मध्यरक्षक प्रशिक्षक का होतात, आणि त्याची तयारी कधी सुरू करावी?

पेप गार्डिओला, कार्लो आन्चेलोत्ती, दिएगो सिमेओने, मिकेल आर्तेता, शाबी अलोन्सो हे सारे मधल्या फळीतले. दिदिए देशाँ यांनी १९९८ चा विश्वचषक कर्णधार म्हणून आणि २०१८ चा प्रशिक्षक म्हणून जिंकला. खेळत असतानाच बचाव आणि आघाडी यांच्यातील अंतर किती असावे, कोणत्या बाजूला खेळ न्यावा, गती कधी कमी करावी, याचा निर्णय या जागेवरच्या खेळाडूला दर मिनिटाला घ्यावा लागतो. प्रशिक्षकाच्या कामाचा बराचसा भाग तोच असतो.

परंतु खेळण्याची समज आणि शिकवण्याची कला या वेगळ्या आहेत. अलोन्सो २०१७ मध्ये निवृत्त झाल्यावर आधी रेआल माद्रिदच्या मुलांच्या संघाबरोबर आणि नंतर तीन वर्षे रेआल सोसिएदादच्या दुसऱ्या संघाबरोबर राहिला. २०२२ मध्ये तो लेव्हरकुसेनमध्ये आला आणि २०२३-२४ मध्ये त्याच्या संघाने एकही सामना न गमावता जर्मन लीग जिंकली. पिर्लोला २०२० मध्ये युव्हेंटसने आधी राखीव संघासाठी नेमले आणि काही दिवसांतच थेट मुख्य संघ सोपवला. एका हंगामानंतर त्याला जावे लागले. पिर्लोची फुटबॉलची जाण अलोन्सोपेक्षा कमी होती असे कोणी म्हणणार नाही. चुका करून शिकण्याची जागा त्याला मिळाली नव्हती.

युरोपात सर्वोच्च श्रेणीतील संघासाठी युएफाचा (युरोपीय फुटबॉल महासंघाचा) ‘प्रो’ परवाना लागतो आणि त्याआधी ‘बी’ व ‘ए’ पातळ्या पूर्ण कराव्या लागतात. या सर्वांना मिळून काही वर्षे जातात. त्यामुळे प्रशिक्षक होण्याची इच्छा असलेल्या मध्यरक्षकाने तिशीच्या सुरुवातीला, खेळत असतानाच पहिल्या पातळीसाठी नाव नोंदवावे आणि क्लबच्या लहान मुलांच्या संघाला आठवड्यातून एखादा दिवस शिकवण्याची परवानगी मागावी.